मदत हवी आहे: शेव्ही ३५०, नवा कॅम बसवला आणि पाचव्या सिलिंडरचा रॉकर हलेनासा झाला

शेव्हेल७०: शेव्हरोलेची (शेव्ही) १९७० ची शेव्हेल गाडी, ३५० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक इंजिन. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि १६ लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉडची सळई वर ढकलणारे) नवे. तेल साधं ५डब्ल्यू-३०. टायमिंग चुकल्याने आधी बराच वेळ नुसता स्टार्टर मारला, मग दहाएक मिनिटं आयडलवर (पेडल न दाबता, मंद) चाललं. आता टकटक येते, कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात. पाचव्याच्या एक्झॉस्ट रॉकरचा (वॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) नट आवळला की आवाज थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. नुसता कॅम बदलून भागेल का? इंजिन उतरवायचं जिवावर आलंय.

लेथवाला: नट आता आवळू नका, इंजिनही चालू करू नका. लोब (कॅमवरचा उंचवटा) झिजलाय. एक्झॉस्ट वॉल्व्ह पुरता उघडत नाही, जळालेला वायू आतच राहतो आणि इनटेक उघडला की उलटा कार्बकडे येतो. तेच फटाके. खात्रीसाठी रॉकर काढून पुशरॉडच्या टोकावर डायल गेज (उचल मोजणारं घड्याळ) लावा, इंजिन हाताने फिरवा. कॅमसोबत आलेल्या कार्डावर वॉल्व्ह लिफ्ट (वॉल्व्हची उचल) ०.४५० इंच असेल तर १.५ पट उचल देणाऱ्या रॉकरला पुशरॉड ०.३०० उचलला पाहिजे.

लोबला किंचित उतार आणि लिफ्टरच्या तळाला नजरेला न दिसणारा फुगवटा असतो, म्हणून लिफ्टर चालताना स्वतःभोवती फिरतो. फिरायचा थांबला की एकाच जागी घासतो, तळ बशीसारखा होतो. लोबांना तेल मुख्यतः क्रँकने उडवलेलं मिळतं, आयडलवर ते पुरत नाही. त्यात साध्या तेलात झीज रोखणारं झिंक कमी.

शेव्हेल७०: पण झिजलेल्या लोबचा भुगा फिल्टरमध्ये अडकला असेल ना?

लेथवाला: तेल आधी पंपातून जातं, मग फिल्टरमध्ये. पंपाने तो भुगा चावलाच. थंड घट्ट तेलाला फिल्टर टाळणारा बायपासही उघडतो, मग थेट बेअरिंगांकडे. फिल्टर कापा, कागद उलगडून चुंबक फिरवा. लोखंड निघालं की इंजिन उतरवणं टळत नाही. मेन, रॉड आणि कॅमची बेअरिंगं नवी, पंप नवा, तेलाच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलवाटांचे) पुढचे-मागचे प्लग काढून लांब ब्रशने सफाई.

ग्रीसहात: सहमत. एवढं उघडताच आहात तर रोलर कॅमचा (त्याच्या लिफ्टरला तळाशी चाक असतं) मोह होईल. १९७० च्या ब्लॉकला कारखान्याच्या रोलर लिफ्टरची सोय नाही, ती १९८७ पासून आली. म्हणजे जुन्या ब्लॉकला बसणारे जोडपट्टीचे रेट्रोफिट लिफ्टर, मोजून घेतलेले आखूड पुशरॉड, कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण (फ्लॅट कॅमला लोबचा उतारच मागे धरून ठेवतो) आणि स्टील कॅमला चालणारा डिस्ट्रिब्युटरचा (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) गिअर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण पुन्हा ही झीज नाही.

फ्लॅटच बसवणार असाल तर लिफ्टर सगळे नवेच. लोब आणि लिफ्टरच्या तळाला मॉलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट, झिंकवालं ब्रेक-इन (सुरुवातीला चालवायचं) तेल, वॉल्व्हच्या दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या तात्पुरत्या काढा. पुशरॉडची ढिलाई संपल्यावर रॉकरचा नट आणखी अर्धा फेरा आवळा. डिस्ट्रिब्युटरच्या जागी प्रायमिंग टूल घालून ड्रिलने पंप फिरवा, सोळाही रॉकरांवर तेल येईपर्यंत. नुसती सळई नको: डिस्ट्रिब्युटरची बॉडी तिथली गॅलरी बंद करते, ती नसली तर एका बाजूचे लिफ्टर कोरडे राहतात.

टायमिंग आधीच जुळवा, कार्बचं पेट्रोलचं बाउल आणि रेडिएटर भरून ठेवा. पेटलं की लगेच २,००० ते २,५०० आरपीएम, थोडं वरखाली करत २० मिनिटं. आयडलवर एकदाही नाही. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करून उरलेली मिनिटं त्याच आरपीएमवर पुरी करा. मग तेल-फिल्टर लगेच बदला, आणि हाही फिल्टर कापून बघा.