दिवाळीत स्वित्झर्लंड, सहा जण आणि भाड्याची गाडी : कोविडमध्ये तयारी कशी करू?

ठाण्याची_मी (५ ऑक्टोबर २०२१)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं घरात कोंडून काढल्यावर या दिवाळीत स्वित्झर्लंडला जायचं ठरवलंय. ३० ऑक्टोबरला निघायचं, ९ नोव्हेंबरला परत. आम्ही दोघं, मुलगा १३, मुलगी ९, आणि माझे आईबाबा (६८ आणि ७२). झ्युरिकला उतरून ल्युसर्न, मग इंटरलाकेनच्या बाजूला पाचेक दिवस, जमलं तर झरमॅट. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.

ट्रेनमध्ये आईबाबांना गर्दीत बसवायची भीती वाटते म्हणून गाडी भाड्याने घ्यावी असं मनात आहे, चालवणार मुख्यतः मीच, ठाणे ते पुणे नेहमी करते पण परदेशात कधी नाही. सात सीटर ऑटोमॅटिकचे भाव बघून धक्काच बसला, २०१९ ला मैत्रिणीने घेतली होती तेव्हाच्या जवळपास दुप्पट दिसतायत. एका साइटवर आत्ताच पैसे भरले तर बरंच स्वस्त मिळतंय, भरू का? आरटीओचं इंटरनॅशनल परमिट लागतंच का? आणि हो, आम्हा दोघांचे दोन्ही डोस कोविशील्डचे आहेत, आईबाबांचे कोवॅक्सिनचे, कारण तेव्हा जवळच्या केंद्रावर तीच होती. त्याने काही अडतं का?

विंटरथूरकर (५ ऑक्टोबर)

ताई, गाडीचं नंतर बघू, आधी शेवटचा प्रश्न, कारण सगळं त्यावर अडलंय. स्वित्झर्लंडने भारतातून येणाऱ्या लस घेतलेल्या लोकांना २६ जूनपासून दार उघडलंय, पण लस युरोपने मान्य केलेली किंवा डब्ल्यूएचओच्या यादीतली हवी. कोविशील्ड चालते. कोवॅक्सिन अजून त्या यादीत नाही, म्हणजे आजच्या घडीला आईबाबांना प्रवेश मिळणार नाही. मुलांची काळजी करू नका, १८ च्या आतली मुलं लस घेतलेल्या मोठ्यांबरोबर येऊ शकतात. वाईट वाटतंय सांगताना पण हे विमानतळावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. यादी बदलेपर्यंत परत न मिळणारा एकही पैसा कुठे भरू नका, ना गाडीला ना हॉटेलला.

दुसरं म्हणजे १३ सप्टेंबरपासून इथे रेस्टॉरंटमध्ये आत बसायला १६ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविड सर्टिफिकेट लागतं, बाहेर टेरेसवर बसलात तर नाही, पण नोव्हेंबरच्या थंडीत आईबाबांना बाहेर कसं बसवणार. त्यामुळे किचन असलेलं अपार्टमेंटच घ्या. कोविनच्या सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर जोडून घ्या आणि आता पूर्ण जन्मतारीख टाकायचीही सोय झालीय, तीही टाकून नवीन प्रिंट काढा.

मिरजवाली (६ ऑक्टोबर)

आत्ताच पैसे भरू का विचारलंत म्हणून माझा अनुभव सांगते. आम्ही मे २०२० ला स्पेनला जाणार होतो, गाडी एका मधल्या साइटवरून प्रीपेड घेतलेली, स्वस्त म्हणून. मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानकंपनीने उशिरा का होईना पैसे दिले, गाडीच्या साइटने क्रेडिट व्हाउचर दिलं, एक वर्षाच्या मुदतीचं, आणि ते वर्ष आपण सगळ्यांनी घरातच काढलं. जवळपास ४५ हजार गेले. कितीतरी मेल केल्या, उत्तर एकच की अटी वाचा, आणि अटीत खरंच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणून सांगते, थोडे जास्त लागले तरी चालतील पण ४८ तास आधीपर्यंत फुकट रद्द होणारं, काउंटरवर पैसे देण्याचं बुकिंग घ्या. या दिवसांत तो जादा भाव म्हणजे विम्याचा हप्ता समजा.

भाव का वाढलेत ते पण सांगते, २०२० मध्ये धंदा बसल्यावर भाड्याच्या कंपन्यांनी गाड्या विकून टाकल्या, आता गिऱ्हाईक परत आलं तर चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनात. त्यातून ऑटोमॅटिक आणि मोठी गाडी म्हणजे मुळातच कमी.

नाशिकचा_दादा (६ ऑक्टोबर)

परमिटबद्दल. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत आहे त्यामुळे पोलिसांना वाचता येतं, पण काउंटरवरचा माणूस आयडीपी (हेच इंटरनॅशनल परमिट) मागू शकतो आणि नसेल तर गाडी नाकारू शकतो, तेव्हा हजार रुपयांसाठी धोका घेऊ नका. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फी १०००, वर्षभर चालतं. आमच्या आरटीओत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळ्याची कॉपी मागितली होती, म्हणजे व्हिसा आल्यावरच हे काम होणार, मधे दिवस ठेवा. राखाडी पुस्तिका मिळते. त्याच्याबरोबर मूळ लायसन्स न्यायलाच लागतं, नुसत्या पुस्तिकेवर काही होत नाही. मिस्टर पण चालवणार असतील तर त्यांचंही काढा आणि दुसरा ड्रायव्हर म्हणून नाव लावा, नाव नसताना त्यांनी चालवली आणि ठोकली तर विमा उडाला.

आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते क्रेडिट कार्डावर. मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं, नंबर वर उठून आलेला असेल तर उत्तम, पिन माहीत असलेलं क्रेडिट कार्ड पाहिजे. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर डिपॉझिट बहुतेक घेत नाहीत. ताई तुम्ही चालवणार म्हणजे कार्ड तुमच्या नावाचं, मिस्टरांचं अ‍ॅड-ऑन असेल तर त्यावर तुमचं नाव छापलेलं आहे का बघा. इंटरनॅशनल व्यवहार अ‍ॅपमधून चालू करा, नव्या कार्डांवर ते बंदच असतात.

कोथरूडकर (७ ऑक्टोबर)

मी जरा उलटं बोलतो. स्वित्झर्लंडमध्ये गाडी कशाला? जगातल्या सगळ्यात चांगल्या रेल्वेपैकी एक तिथे आहे. स्विस ट्रॅव्हल पास घेतला की १६ च्या आतल्या मुलांना फॅमिली कार्डावर आईवडिलांबरोबर फुकट. झरमॅटला तर गाडी जाऊच देत नाहीत, अलीकडच्या टेश गावात लावून पुढे शटल ट्रेननेच जायचं. वेंगेन, म्युरेन इथेही गाड्या नाहीत. म्हणजे भाडं भरायचं, पार्किंग भरायचं आणि वर परत ट्रेनचं तिकीट काढायचं. ट्रेनमध्ये मास्क सक्तीचा आहे आणि लोक पाळतात. मी ऑगस्टमध्ये जाऊन आलो, पहिली सकाळची गाडी सोडली तर डबे अर्धे रिकामे.

ठाण्याची_मी (७ ऑक्टोबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. कोवॅक्सिनचं वाचून रात्री झोप लागली नाही. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही, बाबांनी नवीन बूटसुद्धा आणलेत. त्यांना सोडून आम्ही चौघांनी जायचं हे मला पटत नाहीये, या दोन वर्षांत त्यांनी जे एकटेपण काढलंय ते बघता ही ट्रिप मुळात त्यांच्यासाठीच होती. कोथरूडकर, तुमचं पटतंय, पण बाबांचे गुडघे दुखतात, सामान घेऊन प्लॅटफॉर्म बदलणं त्यांना जमणार नाही. सध्या तारखा पुढे ढकलते, विमानकंपनी एकदा फुकट बदलून देतेय.

विंटरथूरकर (८ ऑक्टोबर)

योग्य केलंत. मग दोन्हीच्या मधला मार्ग सुचवतो, गाडी पूर्ण दहा दिवस घेऊ नका, मधले चारपाच दिवस घ्या. गुडघ्यांसाठी गाडीचा खरा उपयोग आहे तो लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, ब्रिएन्झच्या तळ्याकाठी, सामान गाडीत टाकून हवं तिथे थांबता येतं. झरमॅटला एक रात्र ट्रेननेच जा.

सहा माणसं आणि सात सीटर हे गणित जमत नाही, शेवटची रांग उघडली की डिकीत दोन कॅबिन बॅगा मावतात फक्त. नऊ सीटर व्हॅन बघा, आपल्या लायसन्सवर ती चालते. मुलीसाठी बूस्टर सीट आधीच लिहून घ्या, इथे १२ वर्षं पूर्ण किंवा उंची १५० सेंमी होईपर्यंत सक्ती आहे. मोटरवेचं स्टिकर, विन्येट, ४० फ्रँकचं, स्विस गाडीला लावलेलंच असतं, पण बाझल किंवा जिनिव्हा विमानतळावर फ्रेंच बाजूने गाडी घेतली तर नसतं, ते बघा.

रस्त्यावरचं थोडं. स्टिअरिंग डावीकडे, आपण उजवीकडून चालायचं, पहिल्या दिवशी चौकात वळताना हात आपोआप चुकीच्या बाजूला जातो, शेजारच्याने प्रत्येक वळणाला "उजवीकडे" म्हणत राहायचं, मी स्वतः बायकोला तसंच शिकवलं. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, सर्कलमध्ये मात्र आत असलेल्याला. दिवसासुद्धा हेडलाइट चालू. गावात ५०, बाहेर ८०, मोटरवेवर १२०, आणि इथे कॅमेरे खरंच पकडतात, गावात ५ किमीपर्यंत जास्त गेलात तर ४० फ्रँक, ११ ते १५ ला २५०, वर भाड्याच्या गाडीची कंपनी आपली फी लावते. घाटात पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न वाजवत येते, ऐकू आला की वळणाच्या आधी थांबा, तिच्या ड्रायव्हरने मागे घ्या सांगितलं तर घ्यायची. निळ्या रेघांच्या पार्किंगला काचेवर वेळेची चकती लावायची, ती गाडीतच असते.

आणि घाट. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे तिन्ही २००० मीटरच्या वरचे, बर्फ पडला की बंद, साधारण जूनपर्यंत. मॅपवर सुंदर दिसतात म्हणून त्यावर प्लॅन बांधू नका. ल्युसर्न ते इंटरलाकेन ब्रुनिगवरून जा, तो १००० मीटरचाच आहे, एरवी चालू असतो, तासाभराचा रस्ता.

ठाण्याची_मी (४ नोव्हेंबर)

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लिहितेय! काल डब्ल्यूएचओने कोवॅक्सिनला मान्यता दिली. बाबांनी टीव्हीवर बातमी बघितली आणि मला फोन करून पहिला प्रश्न, "बूट घालून बघू का?" नाताळच्या सुट्टीचं ठरवतोय. गाडी फुकट रद्द होणारीच घेतली, मिरजवालीताई.

ठाण्याची_मी (२ डिसेंबर)

रद्द केलं. ओमिक्रॉनमुळे कालपासून युरोपातून परत येणाऱ्यांना मुंबईत उतरल्यावर टेस्ट, निगेटिव्ह आली तरी ७ दिवस घरात आणि आठव्या दिवशी परत टेस्ट. मुलांची शाळा, माझी नोकरी, जमत नाही. गाडीचे सगळे पैसे वाचले, एक बटण दाबलं आणि मेल आली. हॉटेलची एक रात्र गेली. प्रीपेड घेतली असती तर आज रडत बसले असते.

मिरजवाली (२ डिसेंबर)

होईल गं. बूट जपून ठेवायला सांग बाबांना.

ठाण्याची_मी (२९ मे २०२२)

जाऊन आलो. सहाही जण. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी सगळं लिहायला बसलेय.

२ मे पासून स्वित्झर्लंडने प्रवेशाचे कोविडचे नियमच काढून टाकले, ट्रेनमधला मास्कही एप्रिलपासून गेलेला. आम्ही तरी आईबाबांना एन-९५ लावूनच बसवलं, विमानात पूर्णवेळ. येताना भारत सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर फॉर्म आणि लसीची सर्टिफिकेटं अपलोड केली, लस घेतलेल्या आम्हा मोठ्यांना टेस्ट करावी लागली नाही. सगळ्यात जास्त त्रास झाला तो व्हिसाच्या अपॉइंटमेंटचा, मार्चपासून रोज पहाटे उठून बघत होते, आता जाणाऱ्यांनी अडीचतीन महिने आधी लागा. विमा घेताना आईबाबांसाठी कोविडचं हॉस्पिटलायझेशन धरलंय हे लेखी मागून घेतलं, ३० हजार युरोचं कव्हर व्हिसाला लागतंच.

गाडी पाच दिवस, ल्युसर्नमध्ये घेतली आणि तिथेच दिली, नऊ सीटर व्हॅन. विंटरथूरकर, तुमचा "उजवीकडे" वाला मंत्र मुलाने पाच दिवस न कंटाळता म्हटला. पहिला अर्धा तास हात थरथरत होते, ब्रुनिग चढून वर आल्यावर गाडी बाजूला लावली, पाणी प्यायलं, खाली तळं दिसत होतं आणि आई मागून म्हणाली, अगं आपल्या कसारा घाटापेक्षा रस्ता किती रुंद आहे. त्यानंतर भीती गेली. सुस्टेनची पाटी "बंद" दाखवत होती, मे संपत आला तरी. लाउटरब्रुनेनला गाडी पार्किंग हाउसमध्ये ठेवून म्युरेनला गेलो, बाबा तिथे बाकावर दोन तास डोंगराकडे बघत बसले, आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही.

एक करा, गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांचा आणि काचेचा व्हिडिओ काढा. आमच्या गाडीच्या आरशावर आधीचा ओरखडा होता, कागदावर लिहिलेला नव्हता, परत देताना विचारलंच, व्हिडिओ दाखवला, विषय संपला.

मिरजवाली (३० मे)

वाचून डोळे भरले. आयडीपी विचारली का शेवटी? आणि डिपॉझिट कधी सुटलं? आम्ही सप्टेंबरला बघतोय.

ठाण्याची_मी (३० मे)

विचारली, लायसन्सच्याही आधी. मिस्टरांचीही बघितली. डिपॉझिट १५०० फ्रँक अडकवलं होतं, गाडी दिल्यावर नवव्या दिवशी सुटलं, त्यामुळे कार्डाची लिमिट आधीच वाढवून घ्या नाहीतर बाकी खर्चाला कार्ड चालणार नाही. मधल्या साइटचा विमा घेतलात तरी काउंटरवाले त्यांचं डिपॉझिट अडकवतातच, नुकसान झालं तर आधी आपण भरायचं आणि मग साइटकडून मागायचं. आणि बूस्टर सीट मेलवर कन्फर्म करून घ्या, आम्ही बुकिंगमध्ये लिहिली होती तरी काउंटरवर शोधायला वीस मिनिटं गेली.