लाकडी कड्याचं जुनं रेसिंग स्टीअरिंग: काय तपासावं, किती दुरुस्त करावं?

गिअरबॉक्स
साठच्या दशकातल्या इटालियन रेसिंग गाडीचं म्हणून एक स्टीअरिंग विकायला आलंय. लाकडी कडं, अॅल्युमिनियमचे तीन आरे, व्यास ३९० मिमी, मध्ये सहा भोकं. शिक्का झिजून वाचता येत नाही. कड्याच्या एका जोडावर केसाएवढी फट आहे, वॉर्निशला बारीक तडे गेलेत, रिव्हेटांभोवती पांढरी पूड दिसते. विकणारा म्हणतो, घासून नवं वॉर्निश मारून देतो. घेण्याआधी काय बघावं? घेतलं तर कशाला हात लावावा आणि कशाला नाही?

मायक्रोमीटर
सगळ्यात आधी त्याला घासण्यापासून थांबवा. शिक्का गेलेला असताना ते जुनं वॉर्निश आणि त्यावरची झीज हाच तुमच्याकडचा पुरावा आहे.

मग व्हर्नियर घ्या. एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर थेट मिळतं. शेजारशेजारची भोकं मोजू नका. ७० आणि ७४ मिमीच्या वर्तुळात तिथे फरक जेमतेम २ मिमीचा पडतो आणि भोकं झिजलेली असली की फसायला होतं. ७४ हे नार्दीचं नेहमीचं माप, ७० मोमोचं; दोन्ही स्टीअरिंग बनवणाऱ्या इटालियन कंपन्या. पण मापावरून एखादा दावा फार तर खोडता येतो, सिद्ध होत नाही. भोकं नंतरही पाडलेली असू शकतात.

काळाचा अंदाज व्यासावरूनही येतो. एन्रिको नार्दीची लाकडी स्टीअरिंग चाकं १९५१ पासूनची. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांत ४०० मिमीच्या आसपासची मोठी चाकं चालत, कारण पॉवर स्टीअरिंग नव्हतं आणि कोपरं हलवायला जागा होती. इंजिन मागे गेलं, चालक मागे रेलून बसू लागला, कॉकपिट अरुंद झालं, तशी चाकं लहान झाली. मोमोच्या जानपिएरो मोरेत्तीचं जाड पकडीचं चामडी चाक जॉन सर्टीजने फेरारीवर वापरलं आणि १९६४ चं फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर सिंगल-सीटरमध्ये, म्हणजे एकाच आसनाच्या फॉर्म्युला गाड्यांत, लाकूड मागेच पडलं. म्हणून १९६५ नंतरच्या फॉर्म्युला गाडीचं ३९० मिमीचं लाकडी चाक असं कोणी सांगत असेल, तर फोटो मागा. स्पोर्ट्स किंवा जीटी गाडीचं असेल तर शक्य आहे.

फोटोत चाकाचा आकार जुळवत बसू नका, लाकडाच्या रेषा जुळवा. आऱ्याजवळची गाठ, पट्ट्यांचे सांधे, गडद रेषेचं वळण हे दुसऱ्या चाकात हुबेहूब येत नाही. तेवढं जुळलं तर बाकीच्या कागदांना अर्थ आहे.

रंधा
फटीबद्दल. ३९० मिमी व्यासाच्या कड्याचा परीघ साधारण सव्वा मीटर. तापमान ३० अंशांनी वाढलं की आतली अॅल्युमिनियमची पट्टी तेवढ्या लांबीत जवळजवळ ०.८५ मिमी वाढते, लाकूड रेषांच्या दिशेने मात्र ०.२ मिमीसुद्धा नाही. बंद गाडीत उन्हात हा खेळ रोज होतो आणि ताण सगळा सरसावर येतो. जोड उघडतो तो म्हणूनच. फट नुसती भरून भागत नाही. चाक उन्हात ठेवलं तर ती पुन्हा उघडणार.

आधी वॉर्निश कोणतं ते ओळखा. कड्याच्या मागच्या बाजूला, आऱ्याआड, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नाही झालं तर शेजारी थिनरचा थेंब. मऊ पडलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे ते नंतर मारलेलं असण्याची शक्यता मोठी. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात फिरवा: लाख नारिंगी चमकते आणि डागडुजीचे तुकडे वेगळे उठून दिसतात.

फट लाकूड-लाकूड असेल तर गरम हाडांचा सरस वापरा, ६० अंशांच्या आसपास, पातळ. पुढे कधी उकलायचा झाला तर ओलाव्याने आणि उष्णतेने सुटतो. शिकंजा लावू नका, गोल कड्यावर दाब एकाच ठिकाणी पडतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा आणि २४ तास सोडा. अॅल्युमिनियमपासून लाकूड सुटलं असेल तर सरस धरत नाही. तिथे लाकडावर आधी पॅरालॉइड बी-७२ चा (पुन्हा विरघळवता येणारं अॅक्रिलिक रेझिन) पातळ थर, तो वाळल्यावर इपॉक्सी. मधल्या थरामुळे जोड नंतर सोडवता येतो. बी-७२ अॅसिटोनमध्ये असतं आणि अॅसिटोन वॉर्निश खातं, तेव्हा बारीक ब्रशने फक्त फटीच्या आत. सुपरग्लू मात्र नको: फटीतून बाहेर झिरपला की लाकडात डाग मुरतो.

गिअरबॉक्स
आणि पांढरी पूड? धातूच्या पॉलिशने चकाकी आणली तर?

मायक्रोमीटर
नको. आरे अॅनोडाइज्ड, म्हणजे वर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा कडक थर असलेले, आहेत का ते आधी बघा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोकं आऱ्यावर हलकेच टेकवा. बीप आला तर उघडा धातू, नाही आला तर अॅनोडाइज्ड, आणि पॉलिशने तो थर कायमचा जातो. शिवाय पॉलिशचा पांढरा गाळ लाकडाच्या छिद्रांत बसतो तो निघत नाही.

रिव्हेटांभोवतीची पूड म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. तिथे पितळ किंवा पोलाद आहे, दमटपणा मिळाला की अॅल्युमिनियम झिजतं आणि फुगतं. बांबूच्या टोकदार काडीने कोरडीच काढा, मऊ ब्रशने झटका. रिव्हेट उपटू नका, जुना रिव्हेट ही मोलाची खूण आहे. रिव्हेट हलत असेल आणि आरा फुगला असेल तर मात्र किंमत पाडून मागा, कारण ते काम सोपं नाही.

रंधा
एक राहिलं. हे चाक गाडीवर लावू नका. साठ वर्षांच्या जोडावर वळणाचा भार द्यायचा नाही. गाडीसाठी नवी प्रतिकृती घ्या. भिंतीवर लावायचं तर कड्यावर टांगू नका, एकाच जागी वजन पडून जोड पुन्हा उघडतो. मागे प्लायची चकती घ्या, त्यावर मधल्या भोकांतून एम-५ स्क्रू, स्क्रू आणि आऱ्याच्या मध्ये नायलॉनचे वॉशर. ऊन पडणारी भिंत टाळा आणि खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा.