मदत हवी आहे: रात्री दहानंतर नळ सोडायचा की नाही?

नमस्कार मंडळी,
झुरिकला येऊन दीड महिना झाला. निघतानाच दहा जणांनी बजावलं होतं, "स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहानंतर फ्लश केला की दंड!" मी हसण्यावारी नेलं. परवा खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात गाठून पाण्याच्या आवाजावरून ऐकवलं, तेव्हा हसू पळालं.

मग शोधाशोध केली. फ्लशवर बंदी घालणारा देशव्यापी कायदा नाहीच. करारविषयक कायद्याच्या कलम 257 एफमध्ये भाडेकरूने इमारतीतल्या इतरांची आणि शेजाऱ्यांची कदर ठेवावी, एवढंच आहे. रात्रीची शांतता साधारण 10 ते सकाळी 6 किंवा 7. बाकी सगळं इमारतीची नियमावली, म्हणजे 'हाउसऑर्डनुंग' ठरवते. (गंमत बघा, एकटा गिनीपिग पाळता येत नाही ही मला शुद्ध थाप वाटायची. ती खरी निघाली, 2008च्या प्राणिसंरक्षण नियमांमुळे!)

अडचण अशी की आमच्या नियमावलीत दहानंतर आंघोळ नको असं स्पष्ट लिहिलंय, आणि माझी शिफ्ट सुटते अकराला. दहा मिनिटांचा शॉवर, तोही नाही?

नियमावली भाडेकराराला जोडलेली असेल तर असं कलम खरंच बंधनकारक ठरतं का? इथल्या भाडेकरू संघटनेचा सल्ला कुणी घेतलाय? आणि आजींशी गोडीगुलाबीने कसं बोलावं, तेही सांगा. माझं जर्मन अजून 'ग्र्युएत्सी'च्या (म्हणजे इथल्या 'नमस्कार'च्या) पुढे गेलेलं नाही.