मदत हवी आहे : मुलीच्या त्रिकोणाला फुली मिळाली, चुकलं काय?

रापण_देवगड:
मुलगी सहावीत. त्रिकोणाचे प्रकार ओळखायचे होते, बाजूंवरून आणि कोनांवरून. तिने 'समद्विभुज काटकोन' लिहिलं, बाईंनी फुली मारली. मी स्वतः कोनमापक लावला, नव्वदच दिसतोय. उद्या चाचणी आहे, पावसात रेंज येते-जाते. पटकन सांगा.

कातळसडा:
बाजू किती?

श्रीवर्धनकर:
समद्विभुज असेल तर काटकोन कसा? एका त्रिकोणाला एकच नाव.

कातळसडा:
काहीही काय! एक नाव बाजूंवरून, एक कोनांवरून. कंपासपेटीतला ४५-४५-९० चा गुण्या हातात घ्या, समद्विभुजही आहे आणि काटकोनही. चालत नाही ते फक्त समभुजाला, कारण त्याचे तिन्ही कोन ६० चे.

श्रीवर्धनकर:
बरं, मग समभुज हा समद्विभुज म्हणायचा की नाही? आमच्या वेळी नाही म्हणायचे.

कातळसडा:
युक्लिडही नाहीच म्हणायचा, त्याच्या व्याख्येत दोनच बाजू सारख्या. आता बहुतेक ठिकाणी 'किमान दोन' धरतात. पण हे इथे कुणी विचारलंय का?

चिरेबंदी_वेंगुर्ला:
ताई, कोनमापक ठेवा बाजूला. मी तीस वर्षं गवंडीकाम करतोय. जोत्याची आखणी करताना एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ भरलं की कोन काटकोनात. भरलं नाही तर दोरी हलवा.

रापण_देवगड:
मला घर बांधायचं नाहीये हो. बाजू ५, ५ आणि ७ सेमी. आकृतीखालीच लिहिल्यात, आधी सांगायचं राहिलं.

कातळसडा:
अहो, मग हेच आधी सांगायचं ना! मोठ्या बाजूचा वर्ग ४९, बाकी दोघांची बेरीज २५ + २५ = ५०. सारखे आले असते तर काटकोन. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त आला तर विशालकोन (५, ६, ८ घेऊन बघा, ६४ आणि ६१). इथे तो कमी, म्हणून लघुकोन. उत्तर 'समद्विभुज लघुकोन'. बाईंचं बरोबर आहे.

रापण_देवगड:
पण पायथागोरस सहावीत कुठे शिकवतात? आणि मग मला नव्वद का दिसले?

कातळसडा:
कोन ८९ ला जरासा कमी आहे. बोथट पेन्सिलीची रेघच तेवढं खाते. नव्वद व्हायला तिसरी बाजू ७.०७ लागते, म्हणजे मिलिमीटरही पुरता नाही. आकड्यांची निवड मलाही जरा खट्याळच वाटते. सहावीच्या पोराला ५, ५, ६ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मालवणी_माणूस:
आमच्या घराचा छप्परय समद्विभुजच गो. दोन्ही बाजूचे वासे सारखे, आढ्याकडे विशालकोन. अवंदा कौलां शेकारूची रवली, वळचणीक तीन फुटली.

श्रीवर्धनकर:
मंगलोरी की नळ्याची?

रापण_देवगड:
पेन्सिलीला टोक करून पुन्हा काढला. कोन नव्वदच्या रेघेच्या केसभर आत येतोय. मुलगी म्हणते, "मग बाईंनी तरी डोळ्यांनी कसा ओळखला?" काय सांगू?

चिरेबंदी_वेंगुर्ला:
उत्तरपत्रिका असते त्यांच्याकडे.

मालवणी_माणूस:
मंगलोरी. कोणाकडे जुनी पडून असतीत तर सांगा.