किल्ल्यालगतचे जुने घर कोणत्या नियमाने वाचेल?

प्रश्न: विजयदुर्ग किल्ल्याच्या तटापासून सुमारे ८० मीटरवर आमच्या पणजोबांनी बांधलेले जांभ्याचे घर आहे. ओटीचे खांब अजून भक्कम आहेत, पण गेल्या पावसात पडवीचा वासा मोडला आणि मंगलोरी कौले खाली आली. काही भाऊबंदांना घर पाडून तिथे लॉज उभारायचे आहे. किल्ल्याभोवतीच्या बांधकामबंदीमुळे घर आपोआप सुरक्षित राहील, असे मी आजवर धरून चाललो होतो. ते खरे आहे का, आणि पडवीच्या दुरुस्तीलाही परवानगी लागेल का?

उत्तर १: बंदी किल्ल्यासाठी आहे, आपल्या घरासाठी नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून (स्मारक म्हणून जाहीर झालेल्या जागेच्या सीमेपासून) १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र, म्हणजे जिथे परवानगी घेऊनच बांधकाम करता येते असे क्षेत्र, असते. अंतर तटापासून नव्हे, तर या हद्दीपासून मोजतात, म्हणून आधी मोजणी करून घ्यावी. घर प्रतिबंधित क्षेत्रात असल्यास नवे लॉज होणार नाही. मात्र घर जपण्याचे बंधन हा कायदा मालकावर घालत नाही. ते ढासळत गेले तरी तो आड येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, परवानगीने करता येते. घर तेवढे जुने असल्याचे दाखवण्यासाठी जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा आजच शोधून ठेवा. आमच्या घराच्या वेळी एवढ्याच कागदांसाठी वर्ष गेले.

उत्तर २: घराला स्वतःचे संरक्षण हवे असेल, तर ते वारसा यादीत, म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत, यावे लागते. मुंबईत १९९५ च्या नियमावलीने श्रेणी १, २ आणि ३ ठरवून खासगी इमारतींनाही असे संरक्षण दिले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद प्रादेशिक योजनेतही करता येते. कोकणातील साधी राहती घरे अशा याद्यांबाहेर राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. फोटो, मोजमापांचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून नगररचना कार्यालयाकडे लेखी मागणी करा. भाऊबंदांची संमतीही जोडता आली, तर अर्जाला वजन येईल.

उत्तर ३: परवानगी मिळाल्यावर गवंड्याला सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पितो; सिमेंटखाली ओल अडकली की चिऱ्याचा भुगा होऊ लागतो. सांधे चुन्यानेच भरावेत.