गुहागरला जाऊन काय काय केलंत? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

कृष्णाकाठची
काल नणंदेला सोडायला कराड स्टँडवर गेलेले, समोर गुहागर पाटीची गाडी लागली आणि एकदम आजी आठवली. आजीनं जन्मात पाणी बघितलं ते कृष्णामाईचं, फार तर कोयनेचं धरण. पहिल्यांदा गुहागरला नेली तर सुरूच्या बनातनं बाहेर आल्याआल्या पदर डोक्यावर घेतला, पिशवीतला करंडा काढला आणि सरळ लाटेला हळदकुंकू वाहिलं. लाट आली ती कुंकवासकट तिची एक चप्पल घेऊन गेली. "ओटी राहिली ना, म्हणून नेली" म्हणाली आणि दिवसभर अनवाणी फिरली.
आता पोरांच्या परीक्षा संपल्या की सगळी पलटण न्यायचा बेत आहे, सासूबाईंसकट. तुम्ही तिथं काय काय केलंत, काय बघितलंत, काय उगाच वाटलं, मोकळेपणानं लिहा. घाटातल्या उलट्या सोडून काहीही चालेल.

पाटणचा वारा
उलट्यांचंच लिहितो ताई, माफ करा. पाटणला वडापाव चापून कुंभार्ली घाट उतरू नका. हेळवाकला थांबा, नुसता चहा घ्या, पोरांना आलेपाक द्या. खाणं काय ते चिपळूणला उतरल्यावर. तिथनं पुढं गुहागर ४५ किलोमीटर, तो रस्ता पण वळणाचाच आहे बरं.

भडंगवाला सांगली
आम्ही काहीच केलं नाही तेच लिहितो. किनारा सरळच्या सरळ पाच-सहा किलोमीटर, चालायला लागलो तर टोक येईना, मग बसलो, भडंगाची पिशवी फोडली, कांदा हातानंच फोडला, सूर्य बुडेपर्यंत तिथंच. बायको म्हणाली एवढ्या लांब येऊन भडंगच खायचं होतं तर आमराईत बसलो असतो. पण आमराईत समुद्र कुठाय?

वाईकर_मी
व्याडेश्वराचं दर्शन घ्या, पंचायतन आहे, चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं. आणि उफराटा गणपती, तोंड पश्चिमेला. समुद्र गावात शिरायला लागला म्हणून देवानं तोंड फिरवलं असं तिथले लोक सांगतात. हेदवीला पण जा. बामणघळ मात्र उगाच. एवढं नाव ऐकून गेलो तर कातळातली भेग आणि तीन-चार खेकडे.

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
वाईकर, किती वाजता गेला होता?

वाईकर_मी
सकाळी दहाच्या सुमाराला

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
तिथी कोणती होती?

वाईकर_मी
गुरुजी तिथी कोण बघतं, रविवार होता

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
तिथंच सगळं आलं. आपण देशावरची माणसं घड्याळ बघून जातो, तिथं पाणी तिथीवर चालतं. हिशोब सोपा आहे, किनाऱ्यावर पोरासोरांना पाठ असतो. तिथीच्या आकड्याला ३ नं गुणायचं, ४ नं भागायचं, येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थी म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी ३ ला भरती, पहाटे ३ ला पण, आणि मध्ये सहा-सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढं सरकते.
आता गंमत बघा, हेदवीला दशभुजा गणपती, म्हणजे आपले लोक संकष्टी बघून जाणार. सकाळी दर्शन करा, फराळ करा, जरा आडवे व्हा आणि तीनच्या आत उमामहेश्वराच्या देवळापाशी या. घळ तिथंच, कातळातली अरुंद चीर. पाणी आत घुसतं, पुढं जायला जागा नाही म्हणून धाडकन वर उसळतं. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले असतात म्हणून जोरही असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा एवढी मजा नाही. मात्र काठावर जाऊ नका, शेवाळानं कातळ निसरडा असतो, लांबनं बघा. फोटोपायी पुढं सरकणाऱ्यांना मी तिथं ओरडलोय, अनोळखी असले तरी.

भडंगवाला सांगली
गुरुजी, गणित आम्हाला शाळेत असं शिकवलं असतंत तर पास झालो असतो

कृष्णाकाठची
सासूबाई संकष्टी करतातच! बेत ठरला की हो. गुरुजी, खूप आभार. बामणघळ मी यादीतनं काढायला निघालेले.

फलटणचा फौजी
धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीनं जावा. वाशिष्ठीची खाडी, गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडं दापोलीच्या बाजूला उतरायचं, नाहीतर चिपळूणकडनं मोठा वळसा. आमचे सासरे अख्खी खाडी गाडीत बसून हँडब्रेक धरून होते, काच पण खाली करेनात. बोटीवरचा पोरगा म्हणतो, काका सोडा आता, बोटीचा ब्रेक वेगळा आहे.
अंजनवेलचा गोपाळगड पण करा, जमिनीकडच्या बाजूला खोल खंदक आहे आणि आत आंब्याची झाडं. उन्हाच्या आधी जावा.

मिरजेची मास्तरीण
मार्च-एप्रिलमध्ये जाताय तर कासवांची पिल्लं विचारा. ऑलिव्ह रिडले कासवं गुहागरच्या वाळूत अंडी घालतात, ती जाळीच्या कुंपणात जपून ठेवतात, पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. निघाली की सकाळी-संध्याकाळी समुद्रात सोडतात. त्या दिवशी निघतीलच असं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडं नुसतं रडणं. फ्लॅश मारू नका.

उंब्रजची वहिनी
राहायला घरगुती बघा, खालचा पाट नाहीतर वरचा पाट. घरं रस्त्याला, मागं नारळ-सुपारीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र, आम्ही उतरलेलो तिथं अंगणभर सुपारी वाळत टाकलेली. केशरी सालं, सुरकुतलेली, पाय ठेवायला जागा नाही. काकू पायानंच वरखाली करत करत आमच्याशी बोलत होत्या. जेवायला उकडीचे मोदक, बिरड्याची उसळ, सोलकढी. सगळं झकास पण आमच्या ह्यांना तिखट लागेना, तिसऱ्या घासाला गुपचूप पिशवीतनं कांदालसूण चटणीची बाटली काढली. काकूंनी बघितलं! मला वाटलं चिडतील, तर म्हणाल्या मला पण घाला चमचाभर. येताना अर्धी बाटली तिथंच ठेवून आलो आणि कोकम घेऊन आलो.

पाटणचा वारा
वहिनी चटणी घरची का विकतची?

उंब्रजची वहिनी
घरची. दरसाल उन्हाळ्यात करतो, कांदा पण घरीच वाळवतो

मिरजेची मास्तरीण
मिरची कुठली घेता हो? माझी नुसतीच लाल होते, झणका येत नाही

उंब्रजची वहिनी
ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला

मिरजेची मास्तरीण
आणि प्रमाण?

उंब्रजची वहिनी
ते तुम्हाला वेगळं पाठवते, इथं आमच्या जाऊबाई वाचत असतात