मदत हवी आहे: ग्रुप ड्रेसाज क्लासमध्ये अंतर, वर्तुळ आणि कॅंटर, तिन्ही बिघडतंय

नवखी_मांड

शनिवार-रविवारच्या ग्रुप ड्रेसाज (घोड्याला अचूक चालींनी, ठरलेल्या आकृत्यांत चालवणं) क्लासबद्दल मदत हवी आहे. मैदान २०×४० मीटर, पाच घोडे, ४५ मिनिटं. एकटीनं वॉक (चाल), ट्रॉट (दुडकी), कॅंटर (त्याहून वेगवान दौड) जमतो. ग्रुपमध्ये तीन गोष्टी अडतात:

१. ट्रॉटमध्ये पुढच्या घोड्याच्या शेपटीवर जाते. लगाम ओढला की घोडा मान वर करून थेट वॉकवर येतो आणि मग मागचे सगळे माझ्यावर.

२. २० मीटरचं वर्तुळ सांगितलं की बटाटा तयार होतो.

३. सरांनी "कॅंटर" म्हणायचा अवकाश, मी काही सांगायच्या आत घोडा सुटतो. बऱ्याचदा चुकीच्या लीडवर (म्हणजे आतल्याऐवजी बाहेरचा पुढचा पाय आघाडीवर).

घोडा क्लबचा, पंधरा वर्षांचा, शांत. खोगीर जनरल पर्पज. "प्रायव्हेट लेसन घ्या" हा सल्ला कृपया नको, खिशाला झेपत नाही.

पागेतला

मूळ पहिल्या प्रश्नात आहे. तुम्ही अंतर लगामानं राखताय. ग्रुपमध्ये ते रेषेनं राखायचं, म्हणजे कोपरा किती खोल घेता त्यावर.

हिशेब करून बघा. मैदानाचा घेर १२० मीटर. क्लबचे घोडे कोपरे खातात, आखूड बाजू म्हणजे त्यांच्या मते १० मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ. असा कोपरा काटकोनापेक्षा ४.३ मीटरनं कमी पडतो. तोच कोपरा ५ मीटर त्रिज्येनं घेतला, म्हणजे १० मीटरच्या वर्तुळाचा पाव भाग, तर २.१५ मीटरच कमी पडतात. कोपऱ्यामागे फरक २.१५ मीटर, फेरीमागे साडेआठहून जास्त. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत अडीच मीटर धरला तर एका फेरीत तीन घोड्यांची जागा झाली, लगाम न ओढता. पुढचा स्वार कोपरे नीट घेत असेल आणि तुमचा घोडा खात असेल, तर वेग सारखा असूनही तुम्ही दर फेरीला तेवढ्याच त्याच्या अंगावर जाणार. सध्या तेच होतंय असं दिसतं.

कुठून वळायचं? कडेची अक्षरं (के, एच, एम, एफ) कोपऱ्यापासून ६ मीटरवर असतात. ५ मीटर त्रिज्येचा वळसा अक्षरानंतर एक मीटरनं सुरू होतो. त्यामुळे लेफ्ट रेनवर (मैदानाचा मध्य डाव्या हाताला ठेवून फिरताना) एमपर्यंत नाक सरळ, एम गुडघ्याला आलं की आतला पाय तंगापाशी (खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्यापाशी), बाहेरचा लगाम तसाच धरलेला. एमच्या आधीच आत बघायला लागलात की कोपरा गेला समजा.

वेग थोडा कमी करायचा असेल तर आधी स्वतःचं उठणं-बसणं संथ करा. रायझिंग ट्रॉटमध्ये घोडा स्वाराच्या लयीला येतो. दोन-तीन पावलं कंबर घट्ट, बाहेरची मूठ बंद, आणि लगेच सोड; हाच हाफ-हॉल्ट. सोडायला विसरलात की हाफ-हॉल्टचा हॉल्ट होतो, तुमचं नेमकं तेच होतंय. नुसता लगाम ओढला की घोडा मान वर करतो, पाठ पोकळ होते, मागचे पाय अंगाखाली येत नाहीत. मग ट्रॉट टिकत नाही.

अंतर बघायची जुनी खूण: आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. नुसती शेपटी दिसत असेल तर फार जवळ आहात.

वर्तुळप्रेमी

बटाट्याबद्दल. ए पाशी (आखूड बाजूच्या मध्याशी; समोरच्या आखूड बाजूचा मध्य सी) वर्तुळ म्हणजे घोडा चारच ठिकाणी टेकतो: ए, एफच्या ४ मीटर पुढे, एक्स (मैदानाचा मध्य), आणि केच्या ४ मीटर अलीकडे (लेफ्ट रेनवर). बहुतेकजण एफ आणि के यांनाच टेकतात, म्हणजे कोपऱ्यात शिरतात, आणि उघड्या बाजूला एक्स ओलांडून दीड-दोन मीटर वाहवत जातात. झाला बटाटा. सरांना विचारून चार ठिकाणी कोन (शंकू) ठेवा आणि कोनाच्या आतून जा.

वर्तुळाचा पाव भाग १५.७ मीटरचा. वर्किंग ट्रॉटमध्ये त्यात साधारण सहा वेळा उठणं होतं. प्रत्येक पाव भागात मोजा. एकात पाच आणि दुसऱ्यात आठ आले तर वर्तुळ कुठे फुगलंय ते आकडाच सांगतो, आरसा लागत नाही.

एक्सपाशी घोडा बाहेर सरकतो कारण आपण आतला लगाम ओढतो. त्यानं मान तेवढी आत येते, खांदा बाहेर निघतो. बाहेरचा लगाम मानेला लावून ठेवा, बाहेरचा पाय तंगामागे, नजर पुढच्या कोनावर.

तंगतपासनीस

वरच्या दोघांशी सहमत. वाहतुकीचा नियम राहिला: समोरून येणाऱ्याशी डावा खांदा डाव्या खांद्याशी. वॉक करणाऱ्यानं कड सोडून आतल्या ट्रॅकवर यायचं. थांबायचं तेही आत, आणि अक्षरासमोर कधीच नाही.

जाता जाता: २०२३ च्या हँगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाला सुवर्ण मिळालं (तिघांच्या सर्वोत्तम गुणांची बेरीज २०९.२०५), पण तिथे मैदानात एका वेळी एकच घोडा असतो. त्यामुळे असे व्हिडिओ बघून ग्रुपमध्ये कसं चालवायचं ते कळत नाही. हे नियम त्यांनाही लागतात, पण वॉर्म-अपच्या मैदानात.

पागेतला

@तंगतपासनीस, डावा-डावा बरोबर, पण एक अपवाद सांगायला हवा. अर्धा ग्रुप ए च्या वर्तुळावर आणि अर्धा सीच्या वर्तुळावर असेल तर दोन्ही वर्तुळं एक्सला टेकतात. राइट रेनवर तिथे आपोआप डावा खांदा डाव्याशी येतो. लेफ्ट रेनवर मात्र दोघं आपापल्या अर्ध्यात राहिले तर उजवा खांदा उजव्याशी येतो. अशा वेळी नियम पाळायला म्हणून कोणी उजवीकडे सरकला तर तो समोरच्याच्या वर्तुळात घुसतो आणि टक्कर ठरलेली. लेफ्ट रेनवर सरांना आधीच विचारून घ्यायचं आणि दोघांनी वर्तुळ एक्सच्या मीटरभर अलीकडे आवरायचं.

नवखी_मांड

कोपऱ्याचा हिशेब डोक्यात बसला, धन्यवाद. दोन प्रश्न. फार जवळ गेलेच तर १० मीटरचं वर्तुळ घेऊन मागे पडू का? आणि कॅंटरचं काय?

वर्तुळप्रेमी

घेता येतं, पण आधी मागे बघा. १० मीटरचं वर्तुळ ३१.४ मीटर लांब. पाच घोडे समान अंतरावर असतील तर दोघांत २४ मीटर. म्हणजे तुम्ही वर्तुळ पूर्ण करेपर्यंत मागचा स्वार तुमच्या जागेवरून पुढे निघून गेलेला असतो आणि तुम्ही त्याच्या सातेक मीटर मागे येता. क्रमच बदलला! ट्रॉटचा वेग मिनिटाला २२० मीटर धरला तर हे सगळं साडेआठ सेकंदांत होतं, विचार करायला वेळ नाही. "वर्तुळ घेतेय" असं मोठ्यानं सांगून मगच वळा.

उलट, फार मागे पडलात तर ईपासून बीकडे (एका लांब बाजूच्या मध्यापासून दुसरीच्या मध्याकडे) आडवं जाऊन तीच रेन धरा. ६० मीटरऐवजी २० मीटर जाता, एकदम ४० मीटर वाचतात. एवढं सहसा लागत नाही, आणि सरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

सईसकाका

कॅंटरबद्दल मी सांगतो. पंधरा वर्षांचा क्लबचा घोडा "कॅंटर" हा शब्द तुमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकून बसलाय. शिवाय पुढचा सुटला की कळपातला मागचा सुटणारच. यात त्याचा दोष नाही, ताई. तुमचा इशारा त्याच्या कानापेक्षा आधी पोचला पाहिजे.

सर श्वास घेऊन बोलायला लागले की हाफ-हॉल्ट. पुढच्या घोड्यापासून एरवीच्या दुप्पट अंतर ठेवा. रायझिंग सोडून तीन-चार पावलं सिटिंग ट्रॉट. कोपऱ्यात शिरल्यावर, घोडा आतल्या पायाभोवती किंचित वाकलेला असताना, बाहेरचा पाय तंगाच्या चार बोटं मागे, आतला तंगावर, आतलं कंबरेचं हाड जरा पुढे. मूठ पुढे फेकू नका.

चुकीची लीड का येते? घोडा सरळ रेषेत घाईनं सुटतो, वजन आतल्या खांद्यावर असतं, आणि स्वार कुठला पाय पडला ते बघायला आत वाकलेला असतो. वाकू नका, नजर खाली टाकून आतला खांदा जास्त पुढे येतोय का तेवढं बघा. चुकलं तर तिथल्या तिथे पुन्हा मागू नका. ट्रॉटवर या, पाच-सहा पावलं लय बसू द्या, पुढचा कोपरा पकडा. ट्रॉटची पळापळ वाढवत कॅंटर मागितला तर घोडा फक्त जोरात ट्रॉट शिकतो.

एक युक्ती: सरांना सांगा की दोन-तीनदा "कॅंटर" म्हणायचं, पण तुम्ही वॉकवर यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून घोडा शब्द सोडून तुमच्या पायाची वाट बघायला लागतो.

तंगतपासनीस

आणि तंग. खोगिरावर बसायच्या आधी एकदा, दहा मिनिटं वॉक झाल्यावर पुन्हा एकदा. चढताना घोडा पोट फुगवून उभा असतो, नंतर तंग एक-दोन भोकं ढिला निघतो. ढिल्या तंगावर खोगीर आतल्या बाजूला घसरतं आणि मग वर्तुळ बटाट्यासारखं का होतंय ते कळतच नाही.

पाचांच्या क्लासमध्ये वॉर्म-अप आणि कूल-डाऊन वजा जाता माणशी सहा मिनिटं उरतात. म्हणून क्लासच्या आधी सरांना एकच वाक्य सांगा: "आज फक्त कोपरे बघा."

नवखी_मांड

पुढच्या रविवारी लीडिंग फाईल माझ्याकडे आहे म्हणे. तेव्हा तर पुढे कोणी नसेल, मग कोपरे तेवढेच खोल घ्यायचे का?

पागेतला

घ्यायचेच, पण दर फेरीला सारखे. लीडिंग फाईलनं एक कोपरा खोल आणि दुसरा खाल्ला की मागच्या चौघांचं अंतर हार्मोनियमच्या भात्यासारखं मिटतं-उघडतं, आणि सगळ्यात शेवटच्याला ओरडा बसतो. रेन बदलताना एफ-एक्स-एच तिरकं जाल तेव्हा एक्सवर दोन ठोके बसून डायगोनल (कुठल्या पुढच्या पायाबरोबर उठायचं ते) बदला, चाबूक नव्या आतल्या हातात घ्या, आणि पुढच्या घोड्याला लाल रिबिन (लाथ मारणाऱ्या घोड्याची खूण) असेल तर... तुमच्या पुढे कोणी नाही, पण तुमच्याच घोड्याला आहे का ते आदल्या दिवशी सईसला विचारून घ्या.

नवखी_मांड

विचारलं. आहे. मागच्यांना सांगून ठेवते.

सईसकाका

नुसतं सांगू नका. शेपटीची रिबिन वॉर्म-अपमध्ये सुटून पडते, केसांच्या बटेत ओवून गाठ मारा.